पंख्याखालची जागा

शारजा
१२ फेब्रुवारी १९९९

शहरबानू आपास युसुफचा सलाम.

सुके बोंबील आणि कोकमाचं आगळ पोचलं. बोंबलांचा वास दोन दिवस लिफ्टमध्ये फिरत होता. शेजारच्या लेबनानी बाईने वॉचमनला बोलावलं. वॉचमन केरळचा, तो नाक वर करून म्हणाला, मॅडम, यह तो खाना है. शहनाझने खिडक्या लावल्या, मी उघडल्या. मुरूडचा वास शारजात आला तर येऊ दे की.

आता कामाचं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुझा फोन बागवानाच्या दुकानात आणि माझा शहनाझच्या कानाशी. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी गॅरेजच्या केबिनमध्ये बसून लिहितो आहे.

खांदे आणि पाय फार दुखत होते. शहनाझने ओढून डॉक्टर इद्रिसकडे नेलं. सुदानचा माणूस, उंचच उंच, बोलणं गोड. दोनशे दिरहमच्या टेस्ट केल्या, म्हणजे आपले तेवीसशे रुपये, आणि निघालं काय, तर माझ्या अंगात ऊन नाही. व्हिटॅमिन डी की काय ते, उन्हातून मिळतं, ते तळाला गेलंय. पंचवीस वर्षं या उन्हाला मी शिव्या घालतोय, आपा. पण डॉक्टर म्हणाला ते खरंच आहे. घरात एसी, गाडीत एसी, केबिनमध्ये एसी, आणि उरलेला वेळ शेडच्या पत्र्याखाली. वर म्हणाला, काळ्या कातडीत ऊन हळूहळू उतरतं, तिला जास्त वेळ बसावं लागतं. मी म्हटलं, कातडीलाही व्हिसा लागतो म्हणायचा. खूप हसला.

मग त्याच रक्तातून दुसरी एक टेस्ट केली. थोरल्या बहिणीला लिहिताना कान गरम होतायत, पण लिहितो. पुरुषांना लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिचा आकडा थोडा वर आहे. साधी सूज असेल, नाहीतर कॅन्सर असेल. डॉक्टरने दोन गोष्टी विचारल्या. वडिलांना हे होतं का, आणि खानदान मूळचं कुठलं. म्हणाला, आफ्रिकी रक्ताच्या पुरुषांत हा रोग जास्त येतो, लवकर येतो आणि रागीट येतो. का, ते अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. कोणी म्हणतं रक्तातच आहे, कोणी म्हणतं ऊन कमी पडतं, कोणी म्हणतं गरीब माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो.

मी छाती पुढे काढून सांगितलं, आम्ही कोकणी, अरब दर्यावर्द्यांची औलाद. तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. म्हणाला, हबीबी, माझ्या काकाचे केस अगदी असेच.

तर सांग, अब्बांना नेमकं काय झालं होतं? मी तेव्हा इथे होतो, मला फक्त तार आली. अब्बांना हेच असेल तर डॉक्टर ताबडतोब गाठीचा तुकडा काढून तपासणार, आणि आपल्या धाकट्या अहमदलाही तपासायला हवं. नसेल तर सहा महिने थांबून पुन्हा रक्त बघू म्हणतो. तुझ्या उत्तरावर आहे सगळं. लवकर लिही.

तुझा
युसुफ


७८६
मुरूड
४ मार्च १९९९

युसुफ यास आपाची दुआ.

ऊन नाही म्हणे अंगात. लहानपणी दिवसभर पुळणीवर उंडारून यायचास, तेव्हा मां तुला परसातल्या माडाला टेकवून खोबरेल चोळायची आणि म्हणायची, या पोराला रात्री शोधायचं तर दिवा लागेल. ते सगळं ऊन कुठे विकून खाल्लंस? गच्चीवर जाऊन उघड्या अंगाने बसत जा. तुझी ढेरी बघायला कोण येतंय तिथे.

अब्बांना काही झालं नव्हतं. कंबरदुखी होती. जंजिऱ्याला माणसं नेणारा माणूस, आयुष्यभर होडी ओढली, कंबर जाणारच. आणि मन मोडलं होतं, ते तुला माहीत आहे. पंख्याचं भांडण. मशिदीत नवीन पंखे लावले, एक नेमका पहिल्या रांगेत अब्बांच्या जागेवर आला. अब्बा म्हणाले, याने मला खोकला होतो, काढा. कमिटी म्हणाली, एका माणसासाठी काढत नाही. अब्बा म्हणाले, मग मी तुमच्या मशिदीत पाय ठेवत नाही. आपल्या परसाची भिंत आणि मशिदीची भिंत एकच, तरी तीन वर्षं मरेपर्यंत गेले नाहीत. तसाच हट्टी अहमद. अजून त्या मशिदीत जात नाही, बाजारातल्या मशिदीत जातो. बापाचं भांडण पोराने सांभाळून ठेवलंय.

खानदानाचं त्या डॉक्टरला काय करायचंय? अरब सांगितलंस ते बरोबर सांगितलंस. तुझ्या सबाची सोयरीक श्रीवर्धनच्या ज्या घरात ठरते आहे, ती माणसं सात पिढ्यांची नावं येमेनपासून म्हणून दाखवतात. तिथे असलं काही बोलू नकोस.

अहमद मजेत आहे. आंब्याला मोहोर बरा आहे. गोळ्या वेळेवर घे.

आपा


शारजा
२० सप्टेंबर १९९९

आपास सलाम.

तुझं उत्तर आल्यावर जीव भांड्यात पडला. डॉक्टरला सांगितलं, वडिलांना कंबरदुखी, खानदान अरब, खलास. तो म्हणाला, ठीक आहे, सहा महिने बघू. परवा पुन्हा रक्त दिलं, आकडा अजून थोडा चढलाय, पण रमजाननंतर परत बघू म्हणतो. उन्हाच्या गोळ्यांनी खांदे मात्र सुटले. सकाळी गॅरेज उघडण्याआधी अर्धा तास शेडबाहेर खुर्ची टाकून बसतो. पोरं हसतात, अरबाब, म्हणजे मालक, धूप खा रहे हैं.

त्या क्लिनिकमध्ये एक गंमत झाली. बाकावर एक म्हातारी होती, बुरख्यात, इथलीच नागरिक, पण जन्म झांजिबारचा. नातीच्या हातावर चॉकलेटं मोजत होती. मोजा, म्बिली, तातू, म्हणजे एक, दोन, तीन. आपा, मी उठून उभाच राहिलो. आपली दादी भाकऱ्या अशाच मोजायची की. चुलीसमोर बसून एकेकाच्या ताटात टाकायची, मोजा युसुफ, म्बिली शहरबानू. आपण पोरं समजायचो दादीचा खेळ आहे. शाळेत कोणी एक-दोन विचारलं की मी मोजा-म्बिली म्हणायचो आणि गुरुजी कान पिळायचे. होडीवरच्या खलाशांकडून शिकली असेल. त्या दिवशी घरी येऊन शहनाझला भाकऱ्या करायला लावल्या. तिने केल्या, पण दादीसारखा पापुद्रा येत नाही. रेहान म्हणाला, डॅड, कॅन वी ऑर्डर पिझ्झा? दादी असती तर त्याला परातीखाली कोंबला असता.

इथे आमच्या इंडस्ट्रियल एरियाच्या मशिदीत मात्र माझं वाजलं. बांग देणारा मुअज्जिन पेशावरचा, एसी इतका गार ठेवतो की गुडघे गोठतात. आणि नेमका माझ्या जागेच्या डोक्यावर. दोनदा सांगितलं, ऐकेना. शेवटी चारचौघांत सुनावलं आणि बाहेर आलो. आता जुम्म्यालाही जात नाही, केबिनमध्येच काय ते. बापाचा बेटा शोभतो की नाही? शहनाझ चिडलीय. आधीच ती माझ्यावर कपड्यांवरून नाराज आहे, गॅरेजमध्ये दोन-दोन पँटी का नेतोस म्हणून. ग्रीसचं काम, कपडे घाण होतात, तिला काय कळणार.

सबाचं जवळजवळ पक्कं. इन्शाल्ला पुढच्या वर्षी निकाह.

युसुफ


७८६
मुरूड
३ ऑक्टोबर १९९९

युसुफ,

हे पत्र तळ्याजवळच्या काझींच्या जावयाच्या हाती देते आहे, तो शुक्रवारी विमानात बसणार. आधी डॉक्टरकडे जा. त्याच्या दारात पोचलास की मग पुढचं वाच.

अब्बांना पंख्याने खोकला कधीच झाला नाही.

त्यांची लघवी थांबत नव्हती. थेंब थेंब गळायची. मशिदीत जायचं तर कपडा पाक हवा, आणि त्यांचा कपडा पाक राहत नव्हता. दोन पावलं टाकली की लुंगी ओली. हे ते कोणाला सांगणार? जन्मभर पहिल्या रांगेत उभा राहिलेला माणूस. न जावं तर लोक विचारणार, आणि जावं तर आपल्यामुळे चटई नापाक होणार. म्हणून त्यांनी भांडण उकरून काढलं. पंख्याचं निमित्त केलं. चारचौघांत बोलले, म्हणजे पुन्हा बोलवायला कोणी येऊ नये. मी तेव्हा नुकतीच विधवा होऊन माहेरी आले होते. त्यांच्या लुंग्या दुपारी सगळे पडले की मीच धुवायची, म्हणून मला एकटीला कळलं. मांलाही नाही. त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून कसम घातली, पोरांना कळता कामा नये.

मग कंबर गेली, मग मांड्या. अलिबागच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, पेशाबाच्या गाठीचा कॅन्सर, हाडांत उतरलाय. तोवर फार उशीर झाला होता.

तू फेब्रुवारीत विचारलंस तेव्हा मला वाटलं, मेलेल्या बापाची लाज कशाला काढायची, आकडाच तर थोडा वर आहे. आता तू लिहितोस एसी, आणि दोन-दोन पँटी. युसुफ, माझ्या हातात भाताचं पातेलं होतं, ते मी तसंच खाली ठेवलं. तुझं भांडण एसीशी नाही. मला शिकवू नकोस. मी ते कपडे धुतलेत.

आणि दादी. दादी खलाशांकडून मोजायला शिकली नव्हती. ती लहान पोर असताना झांजिबारहून बापाच्या मांडीवर बसून गलबतात आली. बाप हबशी, आई हबशी. मैमुनाबी हे नाव तिला इथे मिळालं, आधीचं नाव तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. आजोबांनी निकाह केला तेव्हा घराण्यात दोन वर्षं कोणी त्यांच्याकडे जेवलं नाही. मग हळूहळू ते मिटलं आणि आपण सगळे अरब झालो. तुझ्या डॉक्टरला सांग, त्याच्या काकाचे केस तुझ्या डोक्यावर खरंच आहेत.

सोयरीक मोडली तर मोडू दे. जा आता वर, डॉक्टरकडे.

आपा


शारजा
१६ जानेवारी २०००

आपा,

इतके दिवस लिहिलं नाही. शहनाझने फोन केला होता, बागवानाने निरोप दिला असेलच. आता मीच लिहितो, बसता येतंय.

तुझा हुकूम पाळला. क्लिनिकखाली गाडी लावली आणि पत्र उघडलं. वाचून झालं तेव्हा मागून कोणी हॉर्न वाजवत होतं. मग वर गेलो आणि इद्रिसला सगळं सांगितलं. दादीचं, अब्बांचं, आणि माझ्या दोन पँटींचंही. तो रागावला नाही. म्हणाला, माय ब्रदर, हे तू पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंस. त्याच आठवड्यात तुकडे काढले. कॅन्सर निघाला, आणि जात रागीट आहे. हाडांत गेलेला दिसत नाही, पण गाठीची भिंत ओलांडलीय. रमजानात ऑपरेशन झालं. ईदची नमाज खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून ऐकली. पुढे किरणांचे शेक आणि इंजेक्शनं आहेत.

तू आता मनाला लावून घेणार, मला माहीत आहे. लावू नकोस. तू कसम पाळलीस. मी तर कोणाची कसम नसताना लपवलं, बायकोपासून आणि डॉक्टरपासून. आम्हा बापलेकांना वारसा बरोब्बर मिळाला, ग्रंथीचाही आणि तोंड मिटून बसण्याचाही.

पोरांना दादीचं सांगितलं. मी शब्द जुळवत सांगत होतो आणि सबा म्हणते, सो व्हॉट, डॅड? मग आरशासमोर गेली, आपले कुरळे केस सोडले आणि बघत उभी राहिली. आयुष्यभर ती ते इस्त्री करून सरळ करते. श्रीवर्धनला मी स्वतः फोन करून कळवलं. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. करू देत विचार.

आता खरं काम. अहमद. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि बाप नि भाऊ दोघांना हा रोग. मी फोन केला तर हसला. म्हणतो, भाई, तुम्ही एसीत बसता म्हणून तुम्हाला झालं, मी दिवसभर होडीवर उन्हात असतो, माझ्या अंगात ऊनच ऊन आहे. हे मीच त्याला गोळ्यांच्या वेळी सांगितलं होतं, आता माझ्याच गळ्यात आलं. इद्रिसला विचारलं. म्हणाला, ऊन म्हणजे ताईत नव्हे. उन्हाचा या रोगाशी संबंध असेलही, नसेलही, पण रक्त तपासायला उन्हाने कोणाला मनाई केलेली नाही.

अब्बांचं मी त्याला सांगितलं नाही. कसम तुझ्याकडून आहे, मोडायची तर तूच मोड. पण मोड, आपा. माझं व्हायचं ते होईल, त्याला वेळेत पाठव.

मशिदीचं विचारू नकोस. ऑपरेशननंतर गळती वाढलीच आहे. डॉक्टर म्हणतो कमी होईल. तोवर केबिन बरी.

युसुफ


७८६
मुरूड
१९ फेब्रुवारी २०००

युसुफला आपाची खूप खूप दुआ.

अहमदला समजावून थकले. शेवटी एक दिवस असरच्या, दुपारनंतरच्या नमाजच्या वेळी त्याला हात धरून परसात नेला. मशिदीच्या भिंतीशी, माडाच्या आणि विहिरीच्या मधे जी जागा आहे, तिथे उभा केला. म्हटलं, तीन वर्षं तुझा बाप रोज इथे उभा राहायचा. पलीकडून इमामाचा आवाज यायचा, रांग लागायची, आणि अब्बा भिंतीच्या या बाजूला त्याच रांगेत. पण नमाजेला बांधतात तसे हात बांधायचे नाहीत. आपण पाक नाही म्हणून नमाज पढायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, नमाज संपून सलाम फिरला की आत यायचे. मग का ते सांगितलं.

तो खाली बसला, युसुफ. म्हणाला, पंधरा वर्षं मी त्या कमिटीवाल्यांना सलाम केला नाही. आणि ढसाढसा रडला. इतका मोठा बाप्या.

दुसऱ्या दिवशी पनवेलला जाऊन रक्त दिलं. आकडा वर होता. मुंबईत तुकडा काढला. कॅन्सर आहे, पण अगदी लहान, गाठीच्या आतच. डॉक्टरीण म्हणाली, भावाने पाठवलं नसतं तर पाच वर्षांनी आला असतात, आणि तेव्हा मी हे बोलले नसते. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. होडी तोवर हाताखालचा खलाशी चालवेल.

आता दुसरं ऐक. मला राहवेना, म्हणून मी मौलानांच्या बायकोकडे, खैरुन्निसाकडे गेले. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार, ज्या माणसाची लघवी थांबत नाही त्याने काय करायचं? ती आत जाऊन आली. म्हणाली, यात विचारण्यासारखं काय आहे, किताबात पहिल्यापासून आहे. आजारी माणसाला सवलत आहे. नमाजची वेळ झाली की धुवायचं, कपडा बांधायचा, हात-तोंड-पाय धुऊन ताजा वजू करायचा आणि उभं राहायचं. मग गळालं तरी नमाज होते. मशीद घाण होणार नाही इतकं बांधलं की मशिदीतही चालतं.

मी तिच्या ओटीवर बसून राहिले.  एवढंच होतं, युसुफ. भिंतीपलीकडे एक शब्द विचारला असता तर. त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. मी तर कपडेच धूत बसले.

तू विचारायची गरज नाही. मी विचारून ठेवलंय. जा.

आपा


शारजा
१८ मार्च २०००

आपास सलाम आणि बकरी ईद मुबारक.

अहमदचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं, गाठ अख्खी निघाली, त्याला पुढे काही नको म्हणाले. हॉस्पिटलातूनच विचारत होता, भाई, होडीवर कधी जाऊ? आपण तिघांनी एवढं तरी जिंकलं. माझं रक्त दर तीन महिन्यांनी बघायचंय. काय ठरेल ते ठरेल. श्रीवर्धनहून उत्तर आलेलं नाही, आणि सबा म्हणते आता मीच त्यांना उत्तर देणार.

काल जुम्मा होता. तुझं पत्र खिशात घेऊन फार्मसीत गेलो, बांधायचं सामान आणलं, केबिनमध्ये सगळं नीट केलं. वेळ झाल्यावर ताजा वजू केला. शहनाझने सकाळीच इस्त्रीचा पांढरा पायघोळ कंदुरा दिला होता. दोन पँटींचं तिला आता माहीत आहे. एक तीच पिशवीत घालून देते.

मला वाटलं, मुअज्जिन तोंड फिरवेल. तो दारातच उभा होता. माझ्याकडे बघितलं, वाळलोय ते बघितलं, आणि आत जाऊन माझ्या जागेवरचा एसी बंद करून आला. म्हणाला, चाचा, आपके जाने के दूसरे दिन ही मैंने मेकॅनिक बुलाया था.  त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, एसी तरी कुठे इतका गार होता.

रांग लागली. इमामाने अल्लाहु अकबर म्हटलं. मला परसातली भिंत दिसली, माड दिसला, आणि सैल सोडलेले दोन हात दिसले. आपा, मी हात बांधले. आधी अब्बांचे बांधले, मग माझे.

युसुफ